पाटलाच्या भिंतीवरचा सातवा सोटा

बहात्तरच्या दुष्काळात, पोळ्याच्या करीला, भर दुपारी माझ्या सख्ख्या काकाचं डोकं फोडलं. मागून. उजवा डोळा गेला तो गेलाच. काकाचा गुन्हा काय? आदल्या दिवशी पोळ्यात ढोल वाजला, त्याची जोडी बुजली आणि पाटलाच्या मानाच्या बैलांआधी तोरणाखालून निघून गेली. बौद्धाचे बैल पुढे! मारणारा काकाला दिसला नाही, पण सोट्याच्या लोखंडी कड्या वाजलेल्या त्याने ऐकल्या. कड्यांचा सोटा गावात एकच होता, पाटलाच्या राखणदाराचा. फिर्याद झाली आणि तो सोटा गायब झाला. पोलीस म्हणाले, आधी हत्यार दाखवा.

सोट्यांतलं मला थोडं कळतं. माझा मामा पलटणीत होता, मोठ्या लढाईत आफ्रिकेत जाऊन आला. येताना तिथल्या लोकांचा लाकडी सोटा घेऊन आला, हातभर दांडा आणि टोकाला मुठीएवढा गोळा. पुढे जुन्या शिपायांकडून मागून मागून त्याने चार जमवले. त्याच्या माघारी ते माझ्याकडे आले. पाचवा मी कामरगावच्या एका पेन्शनर शिपायाकडून मिळवला. आई म्हणायची, "कायले जपतं रे हे दांडके? चुलीत घालू दे, एक भाकर तरी होईन."

मामाने ओळखायला शिकवलं होतं. खरा सोटा एकसंध लाकडाचा असतो, दांड्याच्या रेषा न तुटता गोळ्यात वळतात. काळ्या रंगावरून वय ठरवायचं नाही, रंग कोणीही फासतो. हात जिथे बसतो तिथेच झळाळी हवी. लाकूड वर्षानुवर्षं सुकलं की आकसतं, मग गोळा बोटांना किंचित चपटा लागतो. जुन्या भेगेच्या कडा झिजतात, आत मळ बसतो. नवी भेग आतून उजळ दिसते.

पाटलाने कारंज्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून असेच सहा सोटे घेतले होते. जिनवाल्याचे नातलग आफ्रिकेत दुकानदारी करत. दुसऱ्या उन्हाळ्यात मला पाटलाचा निरोप आला. बैठकीत गेलो तर भिंतीवर सात.

"काय गा पुढारी, काकासाठी पत्रकं वाटून राह्यला म्हणे?"

"हो."

"वाट, वाट. पण आता हे पाय. कोणता किती जुना, सांग. पाहुणे इचारतात."

राखणदाराने दार लोटलं आणि पाठ लावून उभा राहिला.

मी एकेक उतरवला. सहा खरे होते. दोन तर मामाच्या सगळ्यांहून जुने, मुठीत आरशासारखे गुळगुळीत. सातवा दांड्यापासून गोळ्यापर्यंत एकसारखा काळा. नाकाजवळ नेला तर बैलगाडीच्या वंगणाचा वास. नखाने खरवडला, खाली बाभळीचा लालसर गाभा. गोळ्याखाली गोल खाचा होत्या, खिळ्यांची भोकं लाखेने बुजवलेली.

मला बोलावलं होतं ते यासाठी. मी फसलो असतो तर कोणीही फसलं असतं.

"हा कितीचा?" पाटील म्हणाला.

"हा इथलाच हाय पाटील. कड्या काढल्या याच्या."

पाटील हसला. राखणदाराला म्हणाला, "याले लय समजते बरं!" मग माझ्याकडे वळून हळूच, "तुह्या घरीबी पाच हायेत ना? सांभाळून ठेव बाप्पा. काकाचं डोक्सं त्यातल्याच एकानं फुटलं, असं कोणी म्हणलं तं?"

राखणदार दारातून हलेना. त्याच्या खांद्याला घासत मी बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात पोलीस घरी आले. माझे पाचही पोत्यात भरले. मी म्हणालो, पाटलाच्या भिंतीवरचा सातवा पाहा. जमादार म्हणाला, "ते शोभेची वस्तू हाय, जुनी, आफ्रिकेची." आमच्या घरात आला की आफ्रिकेचा सोटा हत्यार होतो, आणि पाटलाच्या घरात बाभळीचा दांडका आफ्रिकेचा होतो! आता खटला असा, की घरच्या भांडणात पुतण्यानेच काकाला मारलं. आरोपी मी. काका कोर्टात ओरडून सांगतो, "माह्या पोरानं नाही मारलं!" ते म्हणतात, म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागला आहे. बाभूळ कोणती आणि आफ्रिका कोणती हे मी सांगितलं, तर आरोपीचं कोण ऐकतं?

हे पत्रक वाचणारे तुम्ही आमच्या गावचे आहात, आसेगाव-शेलूबाजारचेही आहात. त्या पोळ्याला तुम्ही तोरणाजवळ उभे होतात. राखणदाराच्या हातात काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. घरात बसून मला बिचारा म्हणू नका. तारखेला तालुक्याच्या कोर्टात या, आपलं नाव सांगा आणि साक्ष द्या.