अडीचचा चुडा

आईच्या मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत, एक गाठ होती. तिच्यामुळे शरीरात वाढीचा हार्मोन गरजेपेक्षा जास्त तयार होत होता. मोठ्या माणसाची उंची त्याने वाढत नाही. हात, पावले, जबडा, जीभ वाढतात, आणि तेही इतके सावकाश की रोज समोर असणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आईचे बांगडीचे माप लग्नात सव्वादोन होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते पावणेतीनवर गेले. वय झाले की हात भरतो, असे सगळ्या म्हणत. दाढ दुखते म्हणून ती दाताच्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी दाढेऐवजी पुढच्या दातांमधल्या फटी पाहिल्या आणि लग्नातला फोटो आणायला सांगितला. फोटोतली बाई आणि खुर्चीतली बाई त्यांनी बराच वेळ शेजारी शेजारी पाहिली. तिथून आम्ही मुंबईला पोहोचलो. नाकातून जाऊन गाठ काढली गेली.

मुंबईच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले की शस्त्रक्रियेने निम्मे काम झाले, उरलेले निम्मे म्हणजे दरवर्षी येणे. गाठीचा कण जरी राहिला तरी तो पुन्हा वाढू शकतो. वार्षिक तपासणी मला चमत्कारिक वाटायची. आईला उपाशीपोटी ग्लुकोजचे पाणी पाजत आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत. हार्मोन मोजायचा तर साखर कशाला, असे मी विचारले. साखर पोटात गेली की निरोगी ग्रंथी वाढीचा हार्मोन थांबवते, डॉक्टर म्हणाले. गाठ कोणाचे ऐकत नाही. म्हणजे तपासायचे होते ते ग्रंथी ऐकते की नाही हे.

त्या वर्षी ती ऐकत होती. हाताची सूज उतरली. हाडे वाढली होती तेवढी राहिली, पण बांगडी पावणेतीनवरून अडीचवर आली. आईने हे सांगितले तेव्हा डॉक्टर हसले. "छान. बांगड्यांकडे लक्ष असू द्या."

हे वाक्य आमच्या घरात फार टिकले.

पहिली काही वर्षे आई नेमाने मुंबईला गेली. मग ती शाळेतून निवृत्त झाली, वडिलांचे गुडघे दुखू लागले, आम्ही इंदिरानगरला राहायला गेलो. एक वर्ष चुकले, मग पुढचेही. मी आठवण केली की आई मनगट पुढे करायची. "चुडा अडीचचाच बसतोय. वाढलं असतं तर बसला असता का?"

वडिलांना हे पटले होते. "मुंबईचा डॉक्टर उपाशी ठेवून तपासतो," ते म्हणत. "आमची कासारीण चहा पिऊन तपासते."

बाकीच्या खुणा आपोआप बाद झाल्या होत्या. अंगठी शस्त्रक्रियेआधीच कापून काढली होती, पुन्हा केली नाही. चपला पट्टा सैल करता येणाऱ्या होत्या. जोडवी उघड्या कड्यांची, बोटाप्रमाणे दाबून घ्यायची. राहिली फक्त बांगडी.

धाकट्या भावाच्या लग्नात चुडा भरायला कासारीण घरी आली. वर्षानुवर्षे आईला तीच भरत असे. त्या दिवशी पहिला हात माझा होता. तिने माझा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची मुळे एकमेकांवर चढवली आणि हिरवी बांगडी अंगठ्याच्या गाठीवरून सरकवली. मी हात ओढला.

"ताई, हात मेल्यासारखा सोडा. तुमच्या आईकडून शिका जरा."

"मावशी, एक माप मोठी घ्या की."

"मोठी कोणीबी भरंल. मनगटावर खुळखुळती बांगडी दिसली का समजायचं, भरणारी नवी हाय."

मग आई बसली. कासारणीने अडीचच्या बांगड्यांचा जुडा काढला, हाताला साबण लावला आणि दाबायला सुरुवात केली. आईने ओठ घट्ट मिटले. माझ्या हाताला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. दाबताना दोन बांगड्या वाढल्या, म्हणजे फुटल्या.

"आईच्या हाताला नेहमी साबण लागतो?" मी विचारले.

"पहिलं नाय लागायचा. आता दोन-तीन संक्रांती झाल्या, लय दाबावं लागतंय."

"मग मोठ्या का नाही भरल्या?"

"बाईंनीच सांगितलंय, माझा अडीच. मी बसवते," ती म्हणाली. काम चांगले झाल्याचे समाधान तिच्या आवाजात होते. "पावणेतीन त्यांना दाखवत बी नाय."

आई बांगड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "मला वाटलं, काच हल्ली जाड येते."

वडील दारात उभे होते.

लग्नाचे पाहुणे गेल्यावर आम्ही मुंबईला गेलो. आईने ग्लुकोज प्यायले, रक्त दिले. यावेळी हार्मोन खाली आला नाही. एमआरआयमध्ये जुन्या जागेवर लहानशी गाठ दिसली, डोळ्यांच्या नसांपासून अजून दूर. आणखी उशीर झाला असता तर ती तिथवर गेली असती, असे डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत. कासारीण हात कसा दाबते ते मात्र त्यांनी आईला करून दाखवायला सांगितले, आणि आईने त्यांचाच अंगठा दुमडून दाखवले.

किरणोपचार झाले. त्यांचा परिणाम यायला वर्षे लागतात, म्हणून तोपर्यंत इंजेक्शने. किरणांनी ग्रंथीची इतर कामेही हळूहळू मंदावू शकतात, तेव्हा थायरॉइड आणि बाकीचे हार्मोनही तपासत राहायचे. दरवर्षीची मुंबई आता चुकवण्यासारखी उरली नाही.

पुढच्या संक्रांतीला आईने कासारणीला बजावले, "दाबायचं नाही. आपणहून जाईल ती भर."

"मग माझं काम काय राहिलं?"

"चहा पी."

त्या वर्षी पावणेतीन गेली. मनगटावर खुळखुळत होती. हे मी भरलंय असं कोणाला सांगू नका, असे कासारीण जाताना म्हणाली. नंतरची दोन वर्षेही तेच माप राहिले. त्यानंतरच्या संक्रांतीला तिने अडीचचा जुडा सोडला, एक बांगडी आईच्या तळव्यावर ठेवली आणि स्वतःचे हात मांडीवर घेऊन बसली. आईने ती स्वतःच चढवली. अंगठ्याच्या गाठीवर क्षणभर अडली, मग गेली.

आईने हात फिरवून पाहिला. मग आतल्या खोलीकडे वळून वडिलांना विचारले, "अहो, मुंबईची तारीख कधीची आहे?"