बाबा ढोसायचे, सासरे घेतात

लग्न करून लालबागहून दादरला आले तेव्हा मला कळलं, दारू पिण्याला घर बघून शब्द लावतात. सासरे शनिवारी संध्याकाळी कपाटातली बाटली काढत, सोबत बर्फ आणि खारे काजू. सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "हे थोडीशी घेतात." माझे बाबा गिरणी कामगार. पाळी सुटली की देशीच्या दुकानात उभ्या उभ्या ग्लास रिकामा करून घरी येत. त्यांच्यासाठी सासूबाईंचा शब्द ठरलेला. ढोसतात. माझ्या तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल अशा बेतानं.

ढोसणं म्हणजे चव न घेता, लाज सोडून घशात ओतणं. बाबा पीत, हे मी कधीच लपवलं नाही. आईला त्याचा त्रास झाला, मलाही झाला. पण ग्लासात बर्फ असला की माणूस घेणारा आणि नसला की ढोसणारा, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

बाबा गेले. वर्षश्राद्धानंतर पितृपक्ष आला. मी एकुलती एक, आणि आईची चाळ पुनर्विकासात पाडलेली, म्हणून त्यांचा म्हाळ दादरच्या घरीच घालायचं ठरवलं. नवऱ्याची ना नव्हती. आम्हा कोकणातल्या लोकांत गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर वाढतात. पिणारा असेल तर त्याची दारूही शेजारी ठेवतात. आई सकाळपासून वडे थापत होती. मी लालबागला गेले आणि बाबांच्या त्या देशीच्या दुकानात शिरले. गल्ल्यावरच्यानं आधी माझ्यामागे कोणी पुरुष आहे का ते पाहिलं.

"कोणासाठी, ताई?"

"वडलांसाठी."

"कागदात गुंडाळून देऊ?"

"नको," मी म्हटलं आणि क्वार्टर तशीच हातात धरून घरी आले.

सासूबाईंनी बाटली पाहिली. "जन्मभर ढोसलं, ते पुरे नाही झालं का? आता पानाशेजारीही हीच?"

सासरे समजुतीनं म्हणाले, "ठेवायचीच तर माझ्यातली ठेव."

मी तापले होते. पण माझ्याआधी आई बोलली. मुलीच्या सासरी आजवर जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, ती पिठाचे हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"विहीणबाई, ढोसायचेच ते. मी रोज त्यांच्या तोंडार म्हणी होतंय. पण त्यांनी ओकलेला मी पुसलंय, म्हणून तो शब्द माझो. तुमी 'घ्यायचे' म्हणा."

मी पानाशेजारी ग्लास ठेवला आणि क्वार्टर उघडली. देशीचा उग्र वास सगळ्या घरात पसरला. मी खिडकी उघडली नाही.