एक जून, रविवार

जनार्दन म्हात्रे सैन्यात नेमका कोणत्या दिवशी दाखल झाला? सहा वर्षांपूर्वी, शाळेतून निवृत्त होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला मी बसलो. प्रश्न लहान होता. उत्तर एका ओळीत मावणारे होते आणि आज ते माझ्याजवळ आहे. परंतु जनार्दन आता नाही. आणि हे उत्तर त्याच्या हयातीत हाती आले नाही, याला कारण झालेल्यांमध्ये पहिले नाव माझे आहे. लेख त्याच्याविषयी आहे, तरी ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी.

दीड महिन्यापूर्वी एका सकाळी पेणहून त्याच्या पत्नीचा, इंदुवहिनींचा, फोन आला. "भावजी, हे उठत नायत…" एवढेच त्या म्हणाल्या. मी रोह्याहून निघून पेणला पोहोचेपर्यंत अंगणात माणसे जमली होती आणि डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबले, असे त्यांनी सांगितले. आदल्याच आठवड्यात आमचे बोलणे झाले होते. "काय मास्तर, कागद काय म्हणतो?" हा त्याचा ठरलेला पहिला प्रश्न. अजून काही कळले नाही, असे मी सांगितले. त्यावर तो म्हणाला होता, "कागदाला कसली घाई? घाई आपल्याला हाय." मी हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

आम्ही दोघे धरमतरच्या खाडीलगतच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. त्याचे वडील मिठागरावर कामाला होते. आमच्या गावात घटना तारखेने सांगण्याची रीत नव्हती. अमका मुलगा बांध फुटला त्या साली झाला, तमकीचे लग्न मीठ झाकून झाल्यावर लागले, अशी कालगणना चाले. मीठ झाकणे म्हणजे हंगाम संपताना, पाऊस यायच्या आत, मिठाच्या राशी शाकारणे. त्यामुळे पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो गुरुजींच्या तोंडाकडे पाही, आणि गुरुजी शांतपणे दाखल्यात एक जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये सुरू होई, वयाचा हिशेब सोपा जाई, कोणाचे काही बिघडत नसे. माझी आणि जनार्दनची जन्मतारीख तीच. निम्म्या वर्गाची तीच. पुढे मीही शिक्षक झालो आणि वाडीवस्तीवरून आलेल्या कितीतरी मुलांच्या नावापुढे मीही तीच तारीख लिहिली. त्या वेळी त्यात मला काही गैर वाटले नव्हते.

अठराव्या वर्षी जनार्दन भरतीला गेला. त्याच्यासोबत त्याच दिवशी निवडला गेलेला नागोठण्याचा पवार नावाचा एक मुलगा होता. प्रशिक्षणाच्या बराकीत दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. पुढे पंधरा वर्षे जनार्दनने कुठे कुठे काढली हे तो फारसे सांगत नसे. सुट्टीवर आला की गावच्या जोळीत मात्र न चुकता उभा राही. खाडीचा बांध गावाने मिळून राखायचा, प्रत्येक घरातून एक माणूस चिखलात उतरायचा, याला आमच्याकडे जोळ म्हणतात. वडील गेले त्या वर्षी मोठ्या उधाणाने बांध खचला, शेतात खारे पाणी शिरले, आणि म्हात्र्यांच्या घरातून चिखलात उतरायला कोणी राहिले नाही. तेव्हा जनार्दनने बोटांवर मोजणी केली. मीठ झाकल्यावर आपण भरती झालो, त्याला आता पंधरा मिठे, म्हणजे पंधरा हंगाम, होऊन एक महिना वर गेला. म्हणजे पेन्शनला लागणारी पंधरा वर्षे पुरी झाली. त्याने स्वतःहून अर्ज केला आणि सैन्यातून सुटून घरी आला.

त्याची मोजणी बरोबर होती. चूक कागदात होती. सेवामुक्तीच्या पुस्तकात त्याची सेवा नऊ महिने कमी भरत होती आणि त्यामुळे पेन्शन नामंजूर झाले होते. पुस्तक इंग्रजीत, ते त्याला वाचता येत नव्हते. साहेबांनी हिशेब केला म्हणजे बरोबरच असेल, असे समजून तो गप्प राहिला. आणखी एका कारणाने गप्प राहिला. पेन्शन नाही हे कळताच नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारले होते, "काय रं जना, पलून आलास काय?" सगळे हसले, तोही हसला, आणि नंतर त्या टपरीवर तो कधी बसला नाही. काही वर्षांनी ते कुटुंब पेणला राहायला आले. तेथे गणपतीच्या एका कारखान्यात तो रखवालदार होता.

वहिनींचे मूत्रपिंडाचे दुखणे निघाले तेव्हा हा विषय पुन्हा उघडला. माजी सैनिकांच्या पत्नीला मिळणाऱ्या औषधोपचारासाठी तो कार्ड काढायला गेला आणि पेन्शनचा आदेश नाही म्हणून परत आला. त्या आठवड्यात तो रोह्याला माझ्या दारात उभा राहिला. हातात दुकानाची पिशवी, पिशवीत ते पुस्तक. "मास्तर, तू जन्मभर पोरांच्या चुका काढल्यास. यातली एक काढ."

ती मला एका बैठकीत सापडली. 'दाखल झाल्याचा दिनांक' या रकान्यात जो दिवस होता, तोच मागच्या पानावर कसम परेडचा दिवस म्हणून लिहिलेला होता. प्रशिक्षण संपल्यावर जवान शपथ घेतो तो हा दिवस. तो भरतीनंतर कित्येक महिन्यांनी येतो. कोणा लेखनिकाने एका रकान्यातली तारीख दुसऱ्यात उतरवली होती. मी जनार्दनला हे समजावले तेव्हा त्याने त्या रकान्यावर बोट ठेवले. मग म्हणाला, "म्हंजे पहिले नऊ महिने मी तिथं नव्हतोच म्हण की. मग ते उस्तादाचे दंडे कोणी खाल्ले?"

अर्ज मी लिहिला. सोबत प्रतिज्ञापत्र हवे होते, आणि प्रतिज्ञापत्रात दिवस हवा होता.

"भरतीचा दिवस आठवतो?"

"मीठ झाकलं, त्याच्या मागनं."

"तारीख, जना."

"तारीख मना कशी आठवंल? गाडीत बसवलं, केस कापलं, नंबर दिला. तारीख कोण विचारतंय?"

"मग एक जून लिहू?"

तो मोठ्याने हसला. "लिही. एकदा जन्मलो त्या तारखेला, आता दुसऱ्यांदा." मग म्हणाला, "पण मास्तर, चालंल ना रं?" मी चालेल म्हणालो. इतक्या वर्षांचा हात होता. तो आपोआप तिकडे गेला. पेणच्या तहसील कार्यालयात आम्ही प्रतिज्ञापत्र केले. त्यावर जनार्दनने मोठ्या, सुट्या अक्षरांत सही केली.

उत्तर यायला सव्वा वर्ष लागले. पत्र मीच वाचून दाखवले. त्यात लिहिले होते की अर्जदाराने शपथेवर सांगितलेला दिवस रविवार होता, त्या दिवशी भरती कार्यालय बंद होते. शिवाय तीच तारीख त्याची जन्मतारीख म्हणूनही नोंदलेली आहे. सबब अर्जदाराचे म्हणणे विश्वसनीय नाही आणि मूळ नोंद कायम करण्यात येत आहे. शेवटचे वाक्य मी थोडे सौम्य करून सांगितले. तो फसला नाही. "विश्वसनीय म्हंजे खरं बोलणारा ना?" त्याने विचारले. मी मान हलवली. चूक माझी आहे, मी लिहून देतो, असे मी म्हणू लागलो, तर त्याने हात वर केला. "सही माझी हाय." त्यानंतर चुकूनही त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले आहे. आणि मी तरी ते लिहून का दिले नाही? तो नको म्हणाला, म्हणून. आणि तो नको म्हणाला याचे मला मनातून बरे वाटले, म्हणूनही. निवृत्त मुख्याध्यापकाने खोटी तारीख घातली, हे सहीनिशी कबूल करणे मला जड जात होते.

सैनिकांच्या कामाच्या कार्यालयातील एका भल्या लेखनिकाने दुसरी वाट सुचवली. सेवा कमी भरते हे मान्य करायचे आणि तेवढी उणीव माफ करावी अशी विनंती करायची. मिळेलच असे नाही, पण मिळू शकते. पेणला त्यांच्या घरी जाऊन मी हे सांगितले तेव्हा वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. डॉक्टरांनी पथ्य दिले तरी त्या चूल सोडत नसत.

"माफी नको. माफी मागायला मी काय चोरी केली?" जनार्दन म्हणाला.

"माफी तं माफी," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुमची तारीख पाण्यात उकलून पिऊ काय मी?"

"तू गप गो."

"गपच हाय. तीस वरसं गपच हाय."

तो उठून बाहेर गेला. मी दोघांपैकी कोणाचीही बाजू घेतली नाही. दोघांचेही खरे होते, आणि दोघांना समोरासमोर उभे करणारी ओळ माझ्या हातची होती. त्यानंतर मी फेरविचाराचे अर्ज केले, स्मरणपत्रे पाठवली. परंतु नवा पुरावा मागितला जाई आणि तो आमच्याकडे नव्हता. पवारचे कागद विचारावेत हे मला सुचले नव्हते असे नाही. मी विचारले होते. "त्याचं पुस्तक नागोठण्याच्या पुरात गेलं," असे जनार्दनने सांगितले आणि मी वहीत 'कागद उपलब्ध नाहीत' अशी नोंद करून पान उलटले. रोहा ते नागोठणे हे अंतर काही फार नाही. मी गेलो नाही.

बाराव्याच्या दिवशी पवार आला. पांढऱ्या मिशांचा, काठी टेकत चालणारा माणूस. पानावरून उठल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि बराकीतल्या आठवणी सांगू लागला. "हजेरीला माझा नंबर झाला की लगेच याचा. शेवटचा आकडा माझा सहा, याचा सात. मी ओरडलो नाय तर हा झोपेतच असायचा!" शाळेच्या जनरल रजिस्टरचे क्रमांक मी जन्मभर घातले, दाखल झाल्याच्या क्रमानेच क्रमांक पडतो हे मी नवख्या शिक्षकांना शिकवले, आणि माझ्याचसमोर जनार्दनचा सैनिकी क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षे पडून होता. मी तारीख शोधत होतो. शोधायला हवा होता शेजारचा क्रमांक. पवारचे पुस्तक पुरात गेले होते हे खरेच, पण त्याला पेन्शन लागू होते. पेन्शनच्या आदेशाची प्रत बँकेत सुरक्षित होती. त्यावर क्रमांक होता, आणि दाखल झाल्याचा दिवस होता: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार. मीठ झाकले, त्याच्या मागनं… एक जूनच्या अवघे चार दिवस अलीकडे.

नवा अर्ज आता वहिनींनी करायचा होता. पंधरा दिवसांपूर्वी मी कागद घेऊन पेणला गेलो. भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्या चौकटींत जनार्दनने पेन्सिलीने वहिनींच्या औषधांच्या आणि तपासण्यांच्या नोंदी केल्या होत्या, आणि प्रत्येक नोंदीपुढे वार पुन्हा हाताने लिहिला होता. छापील वार वर असतानाही. वहिनी म्हणाल्या, "ते पत्र आलं तवापासून तसंच. दूधवाल्याला पण वार विचारून घ्यायचे." मी त्यांना दोन्ही वाटा पुन्हा समजावून सांगितल्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही करा. मना दवा पायजे, त्यांना तारीख." मी सांगितले की ते जमणार नाही, माफी मागितली की सेवा कमी होती हे आपणच कबूल केल्यासारखे होईल. त्यांनी पदराने हात पुसले.

"तारखेचा किती दिवस लागंल?"

"सांगता येत नाही, वहिनी."

"आन् नाय झालं तं?"

मी हातातले कागद पुन्हा लावू लागलो.

"लिवा तारखेचाच," त्या म्हणाल्या. "पण या टायमाला नीट लिवा, भावजी."

मी नीट लिहिले आहे. अर्जासोबत माझे स्वतःचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे: पहिल्या अर्जातील एक जून ही तारीख जनार्दन म्हात्रे यांनी सांगितलेली नव्हती, ती मी, माहीत नसताना, शाळेतील सवयीने घातली. अर्ज पोचल्याची पावती आली आहे. निर्णय आलेला नाही, आणि वहिनींची प्रकृती त्याची वाट पाहत थांबेल असे डॉक्टर म्हणत नाहीत.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरात, शेजारात कोणी सैन्यातून परतलेला माणूस असेल तर त्याचे सेवामुक्तीचे पुस्तक आज बाहेर काढा. दाखल झाल्याचा दिवस आणि शपथेचा दिवस वेगवेगळे आहेत का ते पाहा. त्याचा क्रमांक आणि त्याच्यासोबत भरती झालेल्याचा क्रमांक शेजारी ठेवून तारखा जुळतात का ते बघा. एखादा दिवस आठवत नसेल तर ती जागा कोरी सोडा. कागद पुरात गेला असे कोणी सांगितले, तर एकदा स्वतः जाऊन विचारा. मी येथे लिहिले आहे म्हणून ते बरोबर आहे असेही धरू नका. आपल्या हाताने तपासा, आणि तो माणूस समोर बसलेला असतानाच तपासा.