आमच्या खिळ्यावरची किल्ली

रज्जाक सरांच्या गोडाच्या कपाटाची किल्ली आमच्या घरी, देवळीजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. दारव्ह्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर शेजारी एकटेच राहत. साखरेचा आजार, आणि पेढ्यांवर जीव. पाहुणे आले की आईच जाऊन कपाट उघडायची. "वहिनी, मी कितीबी मांगितली तरी द्यायची नाही," असं त्यांनी बजावलं होतं. "मले माझाच भरोसा नाही."

एका ईदला ते स्वतःच दारात आले. "सण आहे वहिनी. आजच्या दिवस."

आईने पोळी लाटणं थांबवलं नाही. "तुमीच सांगतलं होतं ना, द्यायची नाही म्हून? मंग?"

सर हसत परत गेले.

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत वाढलेली. मराठी लिहिताना अडखळायची आणि बोलताना त्याहून जास्त. बी.ए.साठी घरी परतल्यावर अभ्यास सर करून घेत. एकदा प्रश्न होता, नुकतीच लोकशाही आलेले देश आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये का जातात? मी व्यापार, मदत, प्रतिष्ठा असं लिहिलं. सरांनी त्यावर लाल रेघ ओढली.

"हे सारं आहेच. पन पयलं कारण कुठी आहे बेटा? भीती."

"कोणाची?"

"सोताची. काल तिथं लष्कर होतं, आज निवडून आलेले बसले. त्याईले मालूम आहे, उद्या आपल्यातलाच कोनी म्हनन, आता निवडणूक कायले? म्हून बाहेरच्यायसमोर सही करून ठेवतात. मंग शब्द मोडाले जड जाते." त्यांनी आमच्या खिळ्याकडे बोट केलं. "किल्ली शेजारी ठेवतात."

सर तेव्हा कापूस उत्पादकांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. आधी कित्येक वर्षं ती खुर्ची एकाच घरात होती. सभासदांनी पहिल्यांदाच चिठ्ठ्या टाकून सरांना निवडलं होतं. त्यांनी पहिलं काम केलं ते सोसायटीला जिल्ह्याच्या सहकारी संघात नेण्याचं. अट लेखी होती: संघाच्या संमतीशिवाय निवडणूक पुढे ढकलायची नाही.

"सर, आपल्याच हातानं पायात बेडी कायले?" एका संचालकाने टोमणा मारला.

"बेडी माह्या पायात आहे भाऊ. तू काहून रडून राह्यला?"

सरांची मुदत संपत आली तेव्हा ओळीने दोन हंगाम बोंडअळीने खाल्ले होते. गावोगावी तिरड्या उठत होत्या आणि सर प्रत्येक घरी जाऊन बसत. लोक म्हणत, अशात निवडणूक कशी घ्यायची? सर, तुम्हीच राहा. एका दुपारी ते माझ्याकडे आले. "बेटा, संघाले एक पत्र लिहाचं आहे. चांगल्या भाषेत लिही."

मजकूर असा: सद्य परिस्थिती पाहता निवडणूक एक वर्ष पुढे ढकलावी. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी लिहीत होते त्याच वहीत, चार पानं मागे, त्यांची लाल रेघ होती. मला ती आठवत होती. तरी मी पत्र पूर्ण केलं. अक्षर मात्र सुरेख आलं.

संघाची संमती आठ दिवसांत आली. कोणी साधा एक प्रश्नही विचारला नव्हता. सर ते पत्र घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग आईला म्हणाले, "वहिनी, संघात तुमी पायजे होत्या."

ते वर्ष सरायच्या आत पायाची जखम चिघळून सर गेले. संचालकांनी आपसांत ठरवून खुर्ची पुन्हा त्या जुन्या घरात दिली. पुढच्या सभेत नव्या अध्यक्षांनी संघाला पाठवायचं पत्र वाचून दाखवलं. "रज्जाक सरांनीच घालून दिलेली पद्धत आहे," असं ते म्हणाले. शब्द माझे होते, फक्त तारीख बदललेली. त्यानंतर दरवर्षी तारीखच बदलत आली आहे.

किल्ली अजून खिळ्यावर आहे. आई ती पुसते आणि परत टांगते. आई शाळेत जायची त्या काळी मास्तरही तिच्या अक्षराची तारीफ करत. पत्र लिहून घ्यायला सर तिच्याकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. का, ते मला आता कळतं.