दोन थेंब

काल भाचीला पोलिओचा डोस द्यायला वसमतच्या केंद्रावर नेलं. नर्सबाईंनी तिच्या करंगळीला मार्कर लावला आणि त्या उग्र वासाने मी थेट शिरड शहापूरच्या शाळेत जाऊन पोचले.

तेव्हा हे डोस गावात नवे होते. डोसाने लेकरू तापतं असं ऐकून आई धाकट्या भावाला न्यायला तयार नव्हती. माझी अक्का सोळा वर्षांची होती. पोलिओने तिचा उजवा पाय लहानपणीच वाळला होता. ती आईला म्हणाली, "माझ्याकडं बघ, अन् मग न्हाई म्हण."

अक्काने भावाला कडेवर घेतलं आणि लंगडत शाळेकडे निघाली. मी तिच्या मागे.

नर्सबाईंनी भावाच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि करंगळीला तसाच उग्र वासाचा मार्कर लावला. रांग पुढे सरकली, तरी अक्का हलेना. हळूच म्हणाली, "बाई, मलाबी द्या की. पाय भरून यील का?"

मला हसूच फुटलं. एवढी मोठी पोरगी अन् डोस मागते!

बाई हसल्या नाहीत. "न्हाई गं माय, हे आधीच घ्यावं लागतं."

"तवा कुणी आलंच न्हाई," अक्का खाली बघत म्हणाली.

भाऊ आता एसटीवर ड्रायव्हर आहे. गावात पुन्हा कुणाचा पाय तसा वाळला नाही. अक्का मात्र जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या दिवशी घरापर्यंत तिने भावाला एकदाही खाली ठेवलं नाही. आणि "माझ्याकडं दे" असं मीही म्हणाले नाही.