मामाला बीपी नव्हतं

माझा मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर खरंच देखणं. पण त्या अक्षराच्या जोरावर जगातल्या बाकी सगळ्या विषयांवर मत द्यायचा परवाना त्यानं स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता. रक्तदाब हा त्यातला लाडका विषय. "बीपी हा भित्र्यांचा आजार," असं म्हणत तो जेवणावर वरून मीठ भुरभुरायचा.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. हा पठ्ठ्या आकडा उतरेपर्यंत ती घ्यायचा; आकडा उतरला की डबी फडताळात. "बरा झालो. आता उगाच कशाला पोटात विष?" पुन्हा डोकं ठणकलं की डॉक्टरच्या नावानं बोटं मोडत पुन्हा गोळी. मामी सांगून सांगून थकली. "पालथ्या घड्यावर पाणी," एवढं पुटपुटून ती भांडी जरा जास्तच आपटायची.

मी प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांवर काम करते. शेवटी वैतागून एक दिवस मामाला तिथे घेऊन गेले. उंदराच्या रक्तवाहिनीचं इवलंसं कडं तारेच्या दोन आकड्यांत अडकवून कोमट, खारट पाण्यात टांगलेलं होतं.

"मामा, हिच्या भिंतीत स्नायूच्या पेशी असतात. पेशींना बारीक दारं. त्यातून कॅल्शियम आत घुसलं की स्नायू आवळतो, नळी अरुंद होते, दाब चढतो. तुझी गोळी ती दारं बंद करते."

मी पाण्यात पोटॅशियम वाढवलं. दारं उघडली, कडं आवळलं, त्याचा ताण दाखवणारी पडद्यावरची रेघ सरसर वर गेली. मग मामाच्या गोळीतलंच औषध टाकलं. रेघ हळूहळू खाली आली.

"बघ, बरा झाला उंदीर!" मामा खूश.

मी पोटॅशियम तेवढंच ठेवून औषध धुऊन काढलं. थोड्या वेळानं रेघ पुन्हा वर.

"कळलं? गोळी सोडलीस की दारं पुन्हा उघडतात."

मामानं सावकाश चष्मा पुसला. "तो उंदीर आहे गं. त्याला मनोबल नसतं."

मी हात टेकले.

पुढच्याच महिन्यात तो एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होता. 'पादत्राणे'तल्या 'त्रा'वर ब्रश घसरला आणि लाल रेघ थेट पाटीच्या कडेपर्यंत ओघळली. दुकानदार ओरडायला आला, तर मामाचं तोंड वाकडं, शब्द बोबडे. ओरडणं विसरून त्यानं गाडी बोलावली.

जीव वाचला. बोलणंही परत आलं. हे व्हायचंच होतं, त्याचं बोलणं यमालासुद्धा झेपलं नसतं. उजवा हात मात्र पहिल्यासारखा झाला नाही. एकदा मी गेले तेव्हा तो पेन्सिलीनं वेलांटी काढत बसला होता. वेलांटी गांडुळासारखी वळवळली होती. मला बघताच त्यानं त्यावर तळवा ठेवला. वाईट वाटलं मला. नाही कसं वाटणार?

पण ते त्यानं फार टिकू दिलं नाही. तेवढ्यात शेजारचे शिंपीकाका आले, आणि मामा सरसावून बसला.

"गोळी कधी सोडू नका, काका. पेशींना दारं असतात. मी स्वतः प्रयोग करून बघितलाय. हिलासुद्धा मीच समजावून सांगितलं."

मी तोंड उघडलं, तर मामीनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

"बोलू दे त्यांना," ती हळूच म्हणाली. "शहाणपण चोरीचं का असेना, गोळी तर घेतात ना!"