बिनखाड्याची नाणी

माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या कामगाराला तिथे दिवाळीत चांदीचं नाणं मिळायचं. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला ते वर्ष. बाबांनी अशी नऊ नाणी मिळवली. आम्ही राहायचो त्या जुन्या निर्वासित वसाहतीत, कॅम्प चारच्या आमच्या ब्लॉकमध्ये, दुसऱ्या कुणाकडे इतकी नव्हती.

नव्वदच्या सुमारास कारखान्याला टाळं लागलं. दोन वर्षं बाबा युनियनच्या मीटिंगांना जात राहिले, मग तेही थांबलं. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आईच म्हणाली, "ती नाणी काढा आता."

मी आणि बाबा कॅम्प तीनमधल्या एका सिंधी सोनाराकडे गेलो. त्याने एक नाणं दगडावर घासून पाहिलं, पुन्हा घासलं.

"चांदी अच्छी लगती है, काका. पण कारखान्याचे सिक्के, वरून एक, आतून दुसरं असतं कधी कधी. असेच दिलेत तर मी मिलावटीचा भाव लावणार. मुंबईला पाठवून टंच काढा. किती चांदी, किती भेसळ, कागदावर लिहून येतं. एक सिक्का कापावा लागेल. सगळे एकाच कारखान्याचे आहेत, एकाचा कागद मला चालेल."

"आणि खोटं निघालं तर?"

"मग खोटं ते खोटं. मीपण घेणार नाही."

बाबांनी नाणी परत घरी आणली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कापायला नको, मिळेल त्या भावात देऊ. संध्याकाळी म्हणाले, काढूनच घेऊ टंच. असे चार दिवस गेले. बरोबरच्या एका कामगाराची नाणी गिलटाची निघाली, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मला त्यांचा राग यायचा. फी भरायची मुदत जवळ येत होती.

पाचव्या दिवशी आई तांदूळ निवडत होती. तिने परात खाली ठेवली, नाण्यांचा डबा घेतला आणि एक नाणं काढून बाबांपुढे ठेवलं.

"हे न्या कापायला."

मी वर्ष वाचलं. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ तापाने गेला होता. दोन वर्षांचा होता. दिवाळीला महिना राहिला होता. बाबा सकाळच्या पाळीला होते. शेजारचे काका सायकलने कारखान्याच्या गेटवर निरोप द्यायला गेले. बाबा साडेचारला घरी आले, रोजच्या वेळी. निरोप त्यांना कधी मिळाला, हे आईने कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ते कामावर गेले होते.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "दुसरं कुठलंही दे."

"का? हेच का नको?" आईने विचारलं.

बाबांनी नाणं हातात घेतलं.

"निरोप मला साडेबाराला मिळाला होता," ते म्हणाले. "अर्ध्या दिवसाचाही खाडा धरायचे. पोरगं तर गेलंच होतं."

आई म्हणाली, "मी एकटी बसले होते त्याला मांडीवर घेऊन." एवढंच. रडली नाही. परात ओढून पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मुंबईला तेच नाणं गेलं. आठवड्याने कागद आला. चांदी चोख होती. सोनार म्हणाला, "काका, माल एकदम सच्चा." बाबांनी मान हलवली. कापलेल्या तुकड्यांसकट सगळं त्यांनी तिथेच देऊन टाकलं. माझी फी भरली गेली.

पुढे आम्ही बदलापूरला खरवईत राहायला गेलो. बाबा एका नव्या इमारतीवर वॉचमन झाले. आई त्यांचं सगळं करायची. वेळेवर ताट वाढायची, औषधं द्यायची, शर्टाची बटणं लावून ठेवायची. पण ताट वाढलं की उठून आतल्या खोलीत जायची. ते नाणं कापायला जाण्याआधी ती त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसून असायची, भांडण झालेलं असलं तरी.

बाबा आणखी सहा वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात एकदा मी आईला म्हटलं, "जरा बस ना त्यांच्याजवळ."

"बसते," ती म्हणाली, आणि दाराशी बसली.